वैमानिकी व अवकाशविज्ञान संशोधन, विद्यापीठीय : अर्थसाहाय्य व प्रशिक्षण

विमाने, अग्निबाण, उपग्रह व त्यांची उपांगे यांच्या अभिकल्पाशी आणि उड्डाणाशी निगडित असलेले जे संशोधन विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये व तत्सम शिक्षणसंस्था यांतून चालते, त्याला विद्यापीठीय वैमानिकी व अवकाश संशोधन असे म्हणता येईल. वायुगतिकी, संरचना, प्रचालन, द्रव्यविज्ञान, नियंत्रण आणि संदेशवहन या शाखा त्यात मोडतात. हे संशोधन खर्चिक असते. गणितज्ञाला कागद पुरतो. परंतु पंखावरील हवेचा प्रवाह तपासावयाचा तर वातविवर लागते, उपग्रहाच्या भागांची परीक्षा घ्यावयाची तर निर्वात कोठी व कंपन-मंच लागतो, आणि ही साधने चालविणारे कुशल कारागीरही लागतात. शिक्षण-शुल्कातून हा खर्च निघत नाही. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी पैसा कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला व तो कोणापर्यंत पोहोचला याचा इतिहास आहे. अर्थसाहाय्याचे दोन प्रवाह त्यात वेगळे करावे लागतात : प्रयोगशाळा व प्रकल्प यांना मिळणारे अनुदान आणि विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती किंवा अधिछात्रवृत्ती. यांपैकी पहिल्याची नोंद सरकारी अहवालांत सहज सापडते. दुसऱ्याचा परिणाम मात्र वीस-तीस वर्षांनी, माणसांच्या रूपाने दिसतो.

पाश्चात्त्य देशांतील पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांनी वायुगतिकीचे जे केंद्र उभारले, त्याला राज्यसत्तेचे व उद्योगांचे पाठबळ होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे काम आधी खाजगी दानाने केले. खाणउद्योगातून धनाढ्य झालेले डॅनियल गुगेनहाइम यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठास वैमानिकीच्या विद्यालयासाठी पाच लाख डॉलर दिले आणि पुढील वर्षी पंचवीस लाख डॉलरचा एक निधी स्थापन केला. या निधीतून कॅलिफोर्निया, मॅसॅचूसेट्स, मिशिगन, स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन, जॉर्जिया इ. ठिकाणच्या संस्थांत वैमानिकीचे विभाग व प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. निधीचे काम १९३० मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांत, बंद करण्यात आले. कारण आरंभीची चालना देऊन बाजूला व्हावे, हाच दात्याचा हेतू होता. अमेरिकेत पुढील दोन पिढ्यांचे वैमानिकी-तज्ञ मुख्यतः याच विद्यालयांतून तयार झाले.

अवकाशयुग सुरू झाल्यावर अमेरिकेच्या नासा या संघटनेने १९६० नंतरच्या दशकात विद्यापीठांसाठी एक व्यापक योजना राबविली. तिच्यात डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण-वृत्ती, प्रयोगशाळांच्या इमारतींना अनुदान आणि संशोधन-अनुदान अशी तीन अंगे होती. इमारत मिळालेल्या विद्यापीठाने आपल्या परिसरातील उद्योगांशी व समाजाशी व्यापक नाते जोडावे, अशी अपेक्षा होती. इमारती झाल्या, विद्यार्थी तयार झाले. परंतु ही तिसरी अपेक्षा फारशी सफल झाली नाही व चंद्रावरील पहिल्या अवतरणानंतर ही योजना गुंडाळली गेली. त्यानंतर १९८९ मध्ये तेथे दुसरी योजना आली. तिच्यात प्रत्येक राज्यातील विद्यापीठांचा एक संघ करून त्याच्यामार्फत विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती व लहान प्रकल्पांना मदत दिली जाते. पन्नास राज्ये, राजधानीचा प्रदेश व प्वेर्त रीको मिळून असे ५२ संघ आहेत. पैसा थोडा असला, तरी तो प्रत्येक राज्यात पोहोचलाच पाहिजे, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. भारतातील व्यवस्थेशी तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळ : भारतात विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याचे मार्ग थोडेच होते. एक सरकारी शिष्यवृत्तीचा व दुसरा खाजगी निधीचा. पहिल्याचे ठळक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील आहे. दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येऊन सीनिअर रँग्लर झाले. त्यांचा विषय वैमानिकी नव्हता. परंतु कोकणातील खेडे, जिल्ह्यातील शाळा, पुण्या-मुंबईचे महाविद्यालय व नंतर शिष्यवृत्ती हा जो क्रम त्यांच्या बाबतीत दिसतो, तोच पुढे या विषयाकडे वळलेल्या अनेकांच्या बाबतीतही टिकून राहिला. दुसऱ्या मार्गाचे उदाहरण म्हणजे जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला उच्च शिक्षणाचा निधी होय. त्यातून दिलेली रक्कम ही देणगी नसून कर्जाऊ शिष्यवृत्ती असे. परत आलेल्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावी, अशी ती योजना होती.

याच काळासंबंधी मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांची कथा सांगितली जाते. त्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले आणि पुढे द्रव्याच्या अभावी त्यांचे काम थांबले, असा तिचा आशय आहे. या उड्डाणास विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. ज्या तथाकथित प्राचीन वैमानिक ग्रंथाचा या संदर्भात हवाला देतात, त्याची तपासणी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी १९७४ मध्ये केली व तो ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष काढला. तरीही, मदत मिळती तर काय झाले असते, हा कथेतील प्रश्न लोकांच्या मनातून गेलेला नाही.

वैमानिकीत शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेल्या आरंभीच्या भारतीयांत विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) हे मराठी भाषक अभियंते अग्रगण्य होत. गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करून त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. घाटगे तिच्यात अभिकल्पक म्हणून काम करू लागले. दुसऱ्या महायुद्धामुळे सरकारने लवकरच कारखान्याचा ताबा घेतला. विमानांच्या दुरुस्तीसाठी व बांधणीसाठी अभियंत्यांची निकड भासू लागली आणि तिच्यातूनच १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. या विभागाच्या उभारणीतही घाटगे यांचा महत्त्वाचा वाटा होता. भारतातील या विषयाच्या पहिल्या शैक्षणिक विभागामागे अशा रीतीने युद्धकालीन गरज, एका संस्थानाचे औदार्य, टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था आणि एका उद्योजकाचे साहस ही सारी एकत्र आली होती; कोणतेही विद्यापीठ त्यात नव्हते. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली अभिकल्पित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान १९५१ मध्ये आकाशात उडाले.

प्रयोगशाळा की विद्यापीठ : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारतीय विज्ञानापुढे एक मूलभूत प्रश्न उभा होता. संशोधनाचा पैसा विद्यापीठांना द्यावा, की त्यासाठी स्वतंत्र संस्था काढाव्यात? मेघनाद साहा यांच्यासारखे शास्त्रज्ञ विद्यापीठांच्या बाजूचे होते. होमी भाभा यांनी १९४४ मध्ये टाटा विश्वस्त निधीकडे जो प्रस्ताव पाठविला, त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निर्माण झाली व मुंबई सरकारनेही तिला साहाय्य केले. पुढे अणुऊर्जा व अवकाश या दोन्ही क्षेत्रांत भाभांचाच मार्ग अनुसरला गेला. या धोरणाचा लाभ उघड आहे : थोड्या साधनांत जागतिक दर्जाचे काम झाले. त्याची किंमतही द्यावी लागली. ज्या विद्यापीठांत देशातील बहुसंख्य विद्यार्थी शिकत होते, तेथे अद्ययावत उपकरणे पोहोचली नाहीत आणि चांगले अध्यापक संशोधनसंस्थांकडे ओढले गेले. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत तर अशी स्थिती होती की, टाटा संस्थेतील संशोधकांना डॉक्टरेटची पदवी विद्यापीठ देई, पण त्या संशोधनाचा खर्च व त्याची साधने विद्यापीठाबाहेर असत. २००२ मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळेपर्यंत हीच व्यवस्था होती.

सतीश धवन यांची कारकीर्द या संदर्भात उद्‌बोधक आहे. गुगेनहाइम निधीतून उभ्या राहिलेल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत त्यांनी १९५१ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली व त्याच वर्षी ते बंगलोरला अध्यापक झाले. अपुऱ्या पैशात, बरीचशी सामग्री स्थानिक कार्यशाळेत तयार करवून, त्यांनी तेथे ध्वनातीत वेगाचे लहान वातविवर उभारले. विद्यार्थी स्वतः उपकरण बांधतो तेव्हाच शिकतो, हा त्यांच्या अध्यापनाचा पाया होता. १९७२ मध्ये अवकाश आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. या देशाच्या अवकाश-कार्यक्रमात शिक्षणसंस्थांना जे स्थान पुढे मिळाले, त्याचे बरेच श्रेय अध्यापकी पेशातून आलेल्या या अध्यक्षास द्यावे लागेल.

प्रायोजित संशोधनाची व्यवस्था : भारतीय अवकाश संशोधन संघटना (इस्रो) १५ ऑगस्ट १९६९ रोजी स्थापन झाली. तिने १९७० नंतरच्या दशकात ‘रिस्पॉन्ड’ या नावाने प्रायोजित संशोधनाची योजना सुरू केली. संरक्षण मंत्रालयाच्या कक्षेत १९७१ मध्ये वैमानिकी संशोधन व विकास मंडळ स्थापन झाले होतेच. वायुगतिकी, प्रचालन, संरचना, द्रव्ये इ. विषयांसाठी या मंडळाने तज्ञांच्या समित्या नेमल्या. या दोन योजनांमुळे महाराष्ट्रातील अध्यापकाला प्रथमच आपल्या महाविद्यालयात राहून वैमानिकी वा अवकाश संशोधन करण्याचा मार्ग खुला झाला.

या अनुदानांची कार्यपद्धती साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. इस्रोची केंद्रे आपल्याला हव्या असलेल्या संशोधन-विषयांची यादी प्रसिद्ध करतात. अध्यापक आपल्या संस्थाप्रमुखाच्या शिफारशीने प्रस्ताव पाठवितो; तज्ञ त्याची छाननी करतात; मान्यता मिळाल्यास सामान्यतः दोन-तीन वर्षांसाठी अनुदान मंजूर होते. त्यात उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, किरकोळ खर्च व संशोधन-साहाय्यकाची अधिछात्रवृत्ती यांचा समावेश असतो. यांतील शेवटची बाब दिसते लहान, पण शिक्षणाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची ठरली. घरच्या परिस्थितीमुळे पदवीनंतर नोकरी धरणे भाग असलेला एखादा विद्यार्थी या वृत्तीच्या आधारे दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत थांबू शकतो. अनुदानाची मुदत संपली आणि नवीन प्रकल्प मिळाला नाही, तर मात्र तोच विद्यार्थी प्रबंध अर्धवट टाकून जातो व उपकरण धूळ खात पडते. कारण उपकरणाच्या देखभालीसाठी व ते चालविणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी प्रकल्प-अनुदानात तरतूद राहत नाही. ती महाविद्यालयाने करावयाची असते. प्रकल्पनिष्ठ अनुदानाचा हा दोष जगभर आढळतो.

यावर एक उपाय म्हणून अवकाश खात्याने निवडक संस्थांत अवकाश तंत्रविद्या कक्ष स्थापन केले. त्यात एकेका प्रस्तावाऐवजी संस्थेला दरवर्षी ठोक निधी मिळतो व दोन्ही पक्षांची संयुक्त समिती त्याची वाटणी करते. पवई येथील आयआयटीत असा कक्ष १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. १९५८ मध्ये सोव्हिएट साहाय्याने स्थापन झालेल्या या संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग १९६० नंतरच्या दशकातच आकारास आला होता. वैमानिकी मंडळाच्या साहाय्याने येथे विमान-प्रणालींच्या अभिकल्पाचे एक केंद्रही उभे राहिले. विमानाचा पंख, एंजिन व नियंत्रण यांचा स्वतंत्रपणे विचार न करता त्यांचे परस्परावलंबन गणिताने हाताळणे, हा त्याचा विषय होय. पुणे विद्यापीठातही इस्रोच्या सहकार्याने अवकाश तंत्रविद्या कक्ष स्थापन झाला. राज्याच्या कायद्याने चालणाऱ्या व शेकडो संलग्न महाविद्यालये असलेल्या विद्यापीठात असा कक्ष असणे, ही महाराष्ट्रातील एक लक्षणीय घटना होय. अवकाश-कार्यक्रमातील ज्येष्ठ मराठी शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर १९९५ ते १९९८ या काळात या विद्यापीठाचे कुलगुरू होते. बर्मिंगहॅम येथे रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतलेले गोवारीकर १९६७ मध्ये थुंबा येथे दाखल झाले होते आणि अग्निबाणांच्या घन प्रचालकांचा देशी विकास त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाला होता.

विद्यार्थ्यांचे उपग्रह : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रशिक्षणाचा एक नवाच प्रकार रूढ झाला. इलेक्ट्रॉनीय घटक लहान व स्वस्त झाल्यामुळे एक ते दहा किग्रॅ. वजनाचा उपग्रह महाविद्यालयात बांधणे शक्य झाले. इस्रोने अशा उपग्रहांची तांत्रिक तपासणी व परीक्षण करण्याची आणि मोठ्या उपग्रहांबरोबर, शुल्क न घेता, त्यांना कक्षेत सोडण्याची तयारी दाखविली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी आणि कर्नाटक व आंध्र प्रदेश येथील सात महाविद्यालयांचा ‘स्टडसॅट’ १२ जुलै २०१० रोजी कक्षेत गेला. महाराष्ट्रातील दोन उपग्रहांना यानंतर बरीच वाट पाहावी लागली.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ‘स्वयम्’ची आखणी सुरू केली. तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ या प्रक्षेपकाने इतर एकोणीस उपग्रहांबरोबर कक्षेत गेला. त्याचे वजन सु. एक किग्रॅ. होते. एका ठिकाणाहून पाठविलेला संदेश साठवून ठेवून दुसऱ्या ठिकाणी उतरविणे, हे त्याचे काम होते. त्याची खरी विशेषता त्याच्या स्थिरीकरणात होती. सामान्यतः उपग्रहाचे तोंड योग्य दिशेस ठेवण्यासाठी फिरती चक्रे व वीज वापरतात. ‘स्वयम्’मध्ये त्याऐवजी एक कायम चुंबक आणि विशिष्ट चुंबकीय गुणधर्माच्या दांड्या बसविल्या होत्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होकायंत्राच्या सुईप्रमाणे चुंबक दिशा धरतो आणि दांड्या त्याची डोलणी हळूहळू शमवितात. विजेचा खर्च शून्य. पैसा व जागा दोन्ही अपुरी असता काढलेली ही युक्ती अध्यापनाच्या दृष्टीने महागड्या चक्रांपेक्षा सरस ठरली.

पवईच्या आयआयटीतील ‘प्रथम’ची सुरुवात २००७ मध्ये झाली व तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३५ ने कक्षेत गेला. वजन सु. दहा किग्रॅ. या उपग्रहापासून दोन कंप्रतांचे रेडिओ तरंग जमिनीकडे पाठविले जात. आयनांबरातून येताना त्यांच्या ध्रुवणाची दिशा वळते आणि ती किती वळली, यावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या काढता येते. या मापनासाठी जमिनीवर एक साधे ग्रहण-केंद्र पुरते. म्हणून आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांना अशी केंद्रे उभारण्यास प्रवृत्त केले व त्यांचे प्रशिक्षण घेतले. उपग्रह बांधणे ज्यांना परवडत नाही अशा महाविद्यालयांनाही प्रयोगात भागीदार करून घेणारी ही कल्पना होती.

या दोन्ही प्रकल्पांना आठ-नऊ वर्षे लागली, ही गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. म्हणजे ज्यांनी प्रारंभ केला ते विद्यार्थी उड्डाणाच्या किती तरी आधी बाहेर पडले होते, आणि ज्यांनी उड्डाण पाहिले त्यांपैकी काही जण प्रारंभ झाला तेव्हा माध्यमिक शाळेत होते. प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला शिकवावयाचे, जुन्या मंडळींच्या नोंदवह्या वाचून चुका शोधावयाच्या, असे हे काम चालले. उपग्रहाचे प्रक्षेपण विनाशुल्क असले, तरी घटकांची खरेदी, धूळविरहित कक्ष, भू-केंद्र व परीक्षणासाठी बंगलोरच्या खेपा यांचा भार शिक्षणसंस्थेकडेच राहतो. त्यामुळे ज्यांच्या पाठीशी मोठी संस्था व तिचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांनाच ही संधी प्रत्यक्षात घेता आली. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे आहे. सामान्य संलग्न महाविद्यालयाची गोष्ट वेगळी.

शिष्यवृत्त्या व नवे प्रवाह : पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी गेट परीक्षेच्या आधारे मिळणारी केंद्र सरकारची विद्यावृत्ती, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या अधिछात्रवृत्त्या हा विद्यार्थ्यांचा मुख्य आधार आहे. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिष्यवृत्ती देते. कमी खर्चाचा एक जुना मार्गही सांगितला पाहिजे. १९४८ मध्ये स्थापन झालेली भारतीय वैमानिकी संस्था सहसदस्यत्वाची परीक्षा घेते. नोकरी करीत बाहेरून ती देणाऱ्या अनेक तंत्रज्ञांना अभियंता होण्याचा तो एकमेव मार्ग वाटत आला आहे. २००७ मध्ये तिरुअनंतपुरम् येथे अवकाश खात्याने स्वतःचीच शिक्षणसंस्था काढली व आरंभीच्या तुकड्यांना शुल्क माफ करून शिक्षणानंतर इस्रोत सेवेची संधी दिली. खात्याला मनुष्यबळ मिळाले. पण हाच पैसा व हीच ओढ राज्य विद्यापीठांकडे वळविता आली असती काय, हा १९४० नंतरच्या दशकातील जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला. पुणे येथे १९८८ मध्ये अनुदान आयोगाने काढलेले आंतर-विद्यापीठ खगोलविज्ञान केंद्र हे त्याचे एक वेगळे उत्तर होय. तेथील साधने कोणत्याही विद्यापीठातील अध्यापकास वापरता येतात. २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याकडे निघालेल्या ‘आदित्य-एल १’ या यानावरील जंबुपार दूरदर्शक याच केंद्राच्या नेतृत्वाखाली तयार झाला.

२०२० मध्ये अवकाश क्षेत्र खाजगी संस्थांना खुले झाल्यापासून चित्र पालटत आहे. प्रक्षेपकाचा शेवटचा टप्पा काम संपल्यावर पूर्वी निरुपयोगी होत असे. आता त्यालाच प्रयोगमंच बनवून त्यावर विद्यार्थ्यांची व नवोद्योगांची उपकरणे बसवितात. स्वतंत्र उपग्रह, त्याची वीज व त्याचे स्थिरीकरण यांचा खर्च त्यामुळे वाचतो. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी ६० ने नेलेल्या अशा मंचावर २४ उपकरणे होती. त्यांत मुंबईच्या अमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरील प्रयोग आणि पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचे एक उपकरण यांचा समावेश होता. ही दोन्ही खाजगी विद्यापीठे आहेत. संशोधन-अनुदानाच्या सामान्य व्यवस्थेतही २०२३ च्या कायद्याने बदल झाला असून पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली आहे.

रत्नागिरी व कोकण : महाराष्ट्रात या क्षेत्राचा पैसा पवई, पुणे व काही अंशी ओझर येथील विमान-कारखान्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी एकवटला आहे. कोकणपट्टी या नकाशात जवळजवळ दिसत नाही. रत्नागिरी शहरात १९४५ पासून पदवी महाविद्यालय, १९९६ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न झालेले फिनोलेक्स अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आणि अलीकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था आहेत. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले. यंत्र, विद्युत्, रसायन व संगणक या ज्या शाखा येथे शिकविल्या जातात, उपग्रहाच्या बांधणीत त्यांचीच गरज असते. ‘स्वयम्’ बांधणारे विद्यार्थीही याच शाखांचे होते. अडचण शाखेची नाही. प्रायोजित संशोधनाचा प्रस्ताव लिहिण्यासाठी अध्यापकाकडे आधीचे प्रकाशित काम, थोडीफार उपकरणे आणि अध्यापनाच्या तासांतून उरणारा वेळ लागतो. संलग्न महाविद्यालयात या तिन्हींची चणचण असते, आणि अनुदान मिळाल्याशिवाय ती दूर होत नाही. इस्रोच्या व वैमानिकी मंडळाच्या नियमांत रत्नागिरीसारख्या ठिकाणास मज्जाव करणारे काहीही नाही. राज्यवार वा विभागवार वाटा राखून ठेवणारेही काही नाही. अमेरिकेतील ५२ संघांची योजना व येथील व्यवस्था यांतील मुख्य फरक हाच होय.

अलीकडच्या काळात रत्नागिरी जिल्हा परिषदेने वेगळ्या टोकाकडून प्रयत्न केला आहे. आपल्या प्राथमिक शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन निवडलेल्यांना इस्रोच्या केंद्रांना आणि त्यांतील काहींना अमेरिकेत नासाच्या केंद्रास भेट देण्यासाठी परिषदेच्या खर्चाने पाठविण्यात आले. पुणे जिल्हा परिषदेनेही नंतर असा उपक्रम हाती घेतला. निवड झालेल्या मुलांत शेतकरी व मजूर कुटुंबांतील मुले होती आणि काहींचा तो पहिलाच मोठा प्रवास होता. २०१९ मध्ये इस्रोने नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू केला, त्यातही ग्रामीण विद्यार्थ्यांना निवडीत झुकते माप दिले जाते. प्राथमिक शाळेतील या भेटीनंतर बारावीपर्यंतची सहा-सात वर्षे व त्यापुढील पदवीची चार वर्षे यांना जोडणारी अधिछात्रवृत्ती वा प्रयोगशाळा जिल्ह्यात अद्याप नाही. या विषयात पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना परांजपे यांच्या वेळेप्रमाणेच पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागते.